तिसरी दुमड

लामोगी
११ फेब्रुवारी २००७

जेरो,

तुझ्या घरावर देवमातेचा पदर असो. कागदाच्या मागे पोरांची धर्मशिक्षणाची परीक्षा आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. पुढची बाजू कोरी होती, टाकून द्यायला जीव होईना. नन्सच्या शाळेत मी मेणबत्त्यांची बुडखी वितळवून नवी मेणबत्ती करायचे तेव्हा तू हसायचीस. आता म्हातारपणाकडे झुकले, तरी खोड गेली नाही.

बातमी अशी, की लालाम परत आली. माझ्या धाकट्या दिराची मुलगी. दहाव्या वर्षी बंडवाल्यांनी दोरीला बांधून नेली, सोळाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी आली. तिचे आईबाप इथे निर्वासितांच्या छावणीत तापानं गेले, म्हणून सुटून आलेल्या पोरांच्या शहरातल्या केंद्रानं तिला माझ्या हवाली केलं.

रीतीप्रमाणे कुंपणाच्या तोंडाशी सगळं मांडलं. ओपोबोच्या झाडाची बुळबुळीत फांदी, कणगी उघडायची काठी आणि मधे अंडं. बाया आरोळ्या देत होत्या. कुळातले वडीलधारे ओलाल म्हातारबाबा म्हणाले, "ये पोरी, अंडं फोड आणि घरात ये." लालामनं पाय उचलला. मग मागे वळून पाहिलं, जणू कुणी बरोबर आलंय. आणि पाय खाली घेऊन अंड्याला वळसा घालून ती बाहेरच्या झाडाखाली जाऊन बसली.

मोठ्या जाऊबाई तेवढ्यात म्हणाल्याच, "अंड्याला वळसा घालणारी पहिलीच बघितली. आता ते खायचं का पुरायचं?"

तेव्हापासून ती कुंपणाबाहेर राहते. तिथेच एक झोपडी बांधून दिली आहे. वेगळ्या ताटलीत जेवते. विचारलं तर एकच सांगते, "काकू, मी एकटी आले नाही." बाबा म्हणतात, तिच्यामागे कुणा मेलेल्याचा राग आहे, आपल्यात ज्याला चेन म्हणतात तो. नाताळच्या आधी छावणी मोडून आम्ही आमच्या जुन्या जमिनीवर परत जाणार. थोरल्या दिरांनी स्पष्ट सांगितलंय, अंडं न फोडलेली मुलगी नव्या अंगणात यायची नाही. मग ती जाईल कुठे?

आणि एक कबूल करते, फादरना सांगितलेलं नाही. केंद्रानं तिचे रानातले कपडे गाठोड्यात दिले होते, वेशीवर जाळायला. लष्करी सदरा जाळला. पण आत घालायचा एक निळा फ्रॉक होता. कापड अजून धड होतं, जेरो. धुऊन ठेवून दिला. आता वाटतं, त्यामुळेच तर नसेल?

फोनवर हे बोलता येत नाही, चर्चच्या आवारात फोनभोवती सगळं गाव उभं असतं. बसवाल्या ओयातच्या हाती उत्तर दे.

तुझी
व्हेंतोरिना


ब्वेयाले
२ मार्च

व्हेंतो,

जाळ तो फ्रॉक! आजच्या आज. पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मेलेल्यांचा राग कापडाला धरून बसतो हे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि तू म्हणतेस कापड धड होतं. तुझ्या काटकसरीला एक दिवस देवही हात जोडेल.

इथे आम्ही बरे. माझ्या नवऱ्याचं, योकोयादीचं सायकलदुरुस्तीचं दुकान चालतं. पोरगा ओकिदी बापापेक्षा उंच झाला, तीन माणसांचं जेवतो आणि हात अजून दुसऱ्याच्या ताटात.

अचिरोचं मात्र तसंच, बंडवाल्यांनी नेल्यापासून काही खबर नाही. योकोयादी म्हणतो, सहा वर्षं झाली, आता तिच्या नावाची मिस्सा करू, माणसं जेवू घालू आणि संपवू. मी नाही म्हणते. मला कुणी येऊन सांगितलेलं नाही की माझी मुलगी मेली. न सांगता मी तिला कशी पुरू? तो चिडतो, मग सायकलीच्या चाकाशी बोलत बसतो.

परत आलेल्या प्रत्येक पोराला मी विचारते, म्हणून तुझ्या लालामलाही विचार. राग मानू नकोस. अचिरो. बारा वर्षांची होती तेव्हा. एवढंच विचार.

आणि त्या मुलीला दोष देऊ नकोस. लेकरू आहे. तिच्यासाठी मी रोज एक माळ जपते.

जेरोदिना


लामोगी
२५ एप्रिल

जेरो,

अचिरोचं नाव विचारलं. नाही म्हणाली. त्या नावाची कुणी तिला भेटली नाही. माफ कर, तू वाट पाहत असशील म्हणून हे पहिल्या ओळीत लिहिलं.

आता ऐक. तुझ्या सांगण्यावरून फ्रॉक जाळायला काढला. बाबांना बोलावलं, कुंपणाबाहेर काटक्या पेटवल्या. फ्रॉक आगीवर धरते तोच लालाम झाडाखालून धावत आली आणि जाळात हात घालून तिनं तो ओढून घेतला. बोटं पोळली. सहा वर्षांत कुणी तिचा आवाज मोठा ऐकला नसेल. ओरडली, "हा माझा नाही! हा तिचा आहे!"

मग तिथेच मातीत बसून बोलली. मी तिच्या बोटांना तेल लावत राहिले.

तिला नेलं तेव्हा दोरीत तिच्या पुढे एक थोराड मुलगी होती. तिथे खरं नाव कुणी सांगत नसे, घरच्यांवर संकट नको म्हणून. त्या मुलीनं पास्का सांगितलं. ती लालामला स्वतःच्या वाट्याचं भाजलेलं मक्याचं कणीस देई. जेवणाआधीची प्रार्थना डोळे उघडे ठेवून म्हणायची. का म्हणून विचारलं तर सांगायची, "आई म्हणते, डोळे मिटले की भावाचा हात मांसापर्यंत पोचतो." घराघरात असा एक भाऊ असतोच.

चौथ्या दिवशी पास्काचा पाय सुजला. चालवेना. ओढ्याकाठी बंडवाल्यांतल्या मोठ्यांनी लालामच्या हातात दांडकं दिलं. पहिला फटका तिचा, मग बाकीच्या पोरांचे. न मारणाऱ्याला तिच्याशेजारी बसवून तसंच मारणार होते. जेरो, पुढचं मी लिहीत नाही, तुला समजलं.

मग मेलेलीच्या अंगावरचा फ्रॉक तिला घालायला लावला असणार, तिथे असंच चालायचं म्हणतात. सहा वर्षं सदऱ्याच्या आत तोच. त्याला खाली तीन दुमडी होत्या, एकीवर एक, मुलगी वाढेल तशा सोडायला. टाके मदतीच्या पिठाच्या गोणीतून उसवलेल्या पिवळ्या दोऱ्याचे. लालाम जशी वाढली तशी तिनं दातांनी एक दुमड सोडली, मग दुसरी. तिसरी सोडली नाही. म्हणते, तेवढी तिची राहू दे.

तीन दुमडी! मी दोनच घालते. कोण असेल ती बाई? मला ती भेटली असती तर आमचं जमलं असतं.

बाबांनी निर्वाळा दिलाय. अंड्यानं हे भागणार नाही. आधी त्या मुलीच्या कुळाची माणसं शोधायची, दोन्ही कुळांनी एका वाडग्यातून ओपुतचं कडू मूळ प्यायचं, मगच पोरगी अंडं फोडेल. पण पास्का हे नाव खोटं. खोट्या नावाची माणसं कुठे शोधू? तुमच्या बाजूला बरीच कुटुंबं गेली आहेत. चर्चमध्ये विचारशील?

फ्रॉक ठेवला आहे. या खेपेला काटकसर म्हणून नाही.

व्हेंतोरिना


ब्वेयाले
३० जुलै

व्हेंतो,

उत्तराला उशीर झाला. पाऊस बरा आहे. मका उभा आहे. ओकिदीला ताप येऊन गेला.

तिसरी दुमड कशानं शिवली आहे? पूर्ण पाहा, सगळीकडून. तेवढंच कळव. ओयात थांबला आहे, त्याच्याच हाती परत पाठव.

जे.


लामोगी
१ ऑगस्ट

जेरो,

अर्धी पिवळ्या दोऱ्यानं. मग दोरा संपलेला दिसतो. पुढची वीतभर काळ्या नायलॉननं, मासे धरायच्या जाळ्याच्या. शेवटी तीन गाठी.

तुझं पत्र हातात धरून मी चर्चच्या बाकावर बसले होते. ओकिदीचा हात दुसऱ्याच्या ताटात, हे तूच लिहिलं होतंस. आणि मी तुलाच लिहीत होते, कोण ती बाई, आमचं जमलं असतं. शाळेत तू गाठ तीनदा मारायचीस. सिस्टर म्हणायच्या, देवासाठी एक पुरे. मी हे सगळं पाहिलं होतं आणि मला दिसलं नाही.

लालामला काही सांगितलेलं नाही. तू सांगशील तसं करीन. मुलीला दूर पाठव म्हणालीस तर तसं.

नाही, तसं नाही करणार. खोटं लिहिलं होतं, खोडत नाही, तुला दिसू दे.

व्हेंतो


ब्वेयाले
१९ ऑगस्ट

व्हेंतोरिना,

जाळ्याचा दोरा योकोयादीच्या भावाचा होता. त्याचं जाळं मी वीतभर कापलं म्हणून तो महिनाभर बोलला नव्हता.

तुझं एप्रिलचं पत्र मी तीन महिने पिठाच्या डब्यात ठेवलं. दुमडींपाशी आले तेव्हाच कळलं होतं. पण बाई, या मुलखात काटकसर करणारी मी एकटीच आहे का? असं स्वतःला रोज सांगायचे. नायलॉन वाचल्यावर ते संपलं.

फ्रॉक जाळ असं मी लिहिलं होतं ना? तो जळला असता तर माझी मुलगी आज बेपत्ता असती. जिवंत नाही, पण बेपत्ता. तेवढ्यावर मी सहा वर्षं स्वयंपाक केला.

मी त्या पोरीसाठी रोज माळ जपत होते. माझ्याच मण्यांवर, तिच्यासाठी! फादर म्हणतात, क्षमा कर. मी म्हटलं, तोंड करील, फादर, पोट करत नाही. तू तिच्या बोटांना तेल लावलंस ते वाचून मला तुझे हात तोडावेसे वाटले. हे मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी चांगुलपणा मिरवायला लागले तर तू मला दाखवशील.

ती लेकरू आहे असं मार्चमध्ये मीच लिहिलं होतं. ते पत्र परत पाठव. नको, राहू दे.

योकोयादीच्या कुळाची माणसं बसली. ते म्हणतात, ओपुत प्यायला जाऊ, रीत आहे. त्याचे काका भरपाई म्हणून गुरं मागायच्या गोष्टी करतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला एकच हवं. शेवटी माझी मुलगी काय म्हणाली? तू लिहू नकोस, तू चांगलं करून लिहिशील. तिला लिहायला सांग.

जेरोदिना


लामोगी
९ सप्टेंबर

तुम्हांला काय हाक मारू ते काकूला विचारलं. काकू म्हणाली, काही मारू नकोस, नुसतं लिही. मी पाचवीपर्यंत शिकले. चुका असतील.

काकूनं सांगितलं की पास्काचं नाव अचिरो होतं. मी ते आता रोज म्हणते. आधी मला तिला हाक मारता येत नव्हती.

काकूनं तुम्हांला लिहिलं की फ्रॉक नंतर घालायला लावला. ते तसं नाही. दांडकं माझ्या हातात दिलं तेव्हा तिनं मोठ्याला विचारलं, फ्रॉक काढू का. तो हसला. म्हणाला, काढ. तिनं काढून माझ्याकडे दिला. म्हणाली, तू घाल, तुला मोठा आहे पण वाढशील. म्हणाली, रक्त लागलं तर गार पाण्यात धू, गरम पाण्यात घालशील तर डाग बसतो, आई ओरडेल. मग म्हणाली, आता मार. मी डोळे मिटले. तिनं उघडे ठेवले होते.

मी जोरात मारलं. हळू मारलं असतं तर मला बसवलं असतं. हे खरं आहे.

फ्रॉक मी नेहमी गार पाण्यात धुतला.

ती माझ्याबरोबर आली आहे. मी अंड्यावर पाय ठेवला तर मी आत जाईन आणि ती बाहेर राहील. तिला कुणी घ्यायला आलेलं नाही. म्हणून मी बाहेर बसते.

लालाम


ब्वेयाले
६ ऑक्टोबर

व्हेंतो,

आम्ही नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो. ओलाल बाबांना मूळ खणून ठेवायला सांग. आमच्याकडून बोकड आणतो, तुमच्याकडून मेंढी लागेल, हे बाबांना ठाऊक आहेच. गुरं नकोत. काकांना मी सांगितलं, मुलगी माझ्या पोटची, मागायचं काय ते मी मागेन. काका म्हणाले, बायका कधीपासून कुळाचा निवाडा करायला लागल्या? योकोयादी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आजपासून."

मी फ्रॉक मागते. बाकी काही नाही.

गार पाणी मीच शिकवलं होतं. पहिल्यांदा तिनं गरम पाण्यात घातला होता तेव्हा मारलं होतं मी तिला. 

पोट अजून तसंच आहे. पण तिला कुणी घ्यायला आलेलं नाही, हे वाचून मला घरात बसवत नाही.

जेरो


ब्वेयाले
२५ नोव्हेंबर

व्हेंतो,

पोचलो. ओयातनं बस दोनदा बिघडवली, योकोयादीनं दोन्हीदा दुरुस्त केली आणि वर शिव्या दिल्या.

तिथे मी फार बोलले नाही, म्हणून आता लिहिते. गुडघ्यांवर बसून हात पाठीमागे बांधल्यासारखे धरले आणि त्या मुलीसमोर वाडग्यावर वाकले, तेव्हा मला वाटलं होतं, मी तिच्या तोंडावर थुंकेन. वाडगा लहान. डोकी एकमेकांवर आपटली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता, आपल्या सगळ्यांच्या मुलींना येतो तसा. ओपुत इतकं कडू की दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि कुणाचं कशामुळे ते बघणाऱ्यांना कळलं नसेल. तिनं मान वर केली नाही. मी तिच्या कानात म्हटलं, "नीट पी. अर्धं ठेवलंस तर मला जास्त प्यावं लागेल." माझ्या तोंडून तेवढंच निघालं. ती प्यायली.

मेंढीच्या वाटणीवरून काका शेवटपर्यंत कुरकुरत होते, ते तू ऐकलंसच. तुझ्या थोरल्या दिरांशी त्यांचं फार जमलं. दोघेही एकाच मुशीतले.

मग फ्रॉक. तू तो इस्तरी करून दिलास, काय म्हणावं तुला. मी तो हातात घेतला, कुंपणापाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं असेल, "अचिरो, चल. मी आले आहे. घरी जायचंय." आणि चालायला लागले. बाबांनी बजावलं होतं, मागे वळायचं नाही, नाहीतर ती थांबेल. मी वळले नाही. बसपर्यंत वळले नाही. ओकिदी मागून चालत होता, मधेच थांबून म्हणाला, "आई, ताई येतेय ना?" मी म्हटलं, "येतेय. गप चाल, आणि वाटेत तिच्यासाठी जागा सोड."

मिस्सा पुढच्या रविवारी आहे. त्या आधी काल मी तिसरी दुमड उसवली. पिवळा दोरा लगेच तुटला, नायलॉनला कात्री लागली. आतलं कापड अजून नवं आहे, व्हेंतो. घेतलं तेव्हाचा निळा रंग. बाकीचा फ्रॉक पार विटलाय आणि तेवढी बोटभर पट्टी जशीच्या तशी. मी ती गालाला लावून बसले होते. योकोयादी आला, शेजारी बसला. काल तो चाकाशी बोलला नाही.

तो फ्रॉक आम्ही पुरणार आहोत. दुमड सोडून, पुरता लांब करून. अठरा वर्षांची झाली असती.

क्षमेचं मला अजून माहीत नाही. पण आज माळ जपताना त्या पोरीचं नाव आलं, तर मी ते टाळून मणी पुढे ढकलला नाही.

एक राहिलं. मी मागे पाहिलं नाही, म्हणून मला ठाऊक नाही. मी गेल्यावर तिनं अंडं फोडलं का?

जेरो


लामोगी
३ डिसेंबर

जेरो,

फोडलं.

तू रस्त्याच्या वळणापलीकडे गेलीस तोवर ती उभीच होती. मग तिनं मागे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पाय ठेवला. आवाज एवढासा झाला, पण बाया आरोळ्या द्यायला विसरल्या म्हणून सगळ्यांना ऐकू आला. मोठ्या जाऊबाईंनी तिच्या तळव्याला लागलेलं स्वतःच्या पदरानं पुसलं.

काल आम्ही जुन्या जमिनीवर आलो. घर अजून भिंतींपुरतंच आहे. चुलीवर तिळाच्या कुटातली भाजी आणि नाचणीचा गोळा, सगळे एका भांड्याभोवती बसले. लालामही बसली. थोरल्या दिरांनी प्रार्थना सांगितली.

तिनं डोळे उघडे ठेवले होते. मी पाहिलं, कारण मीही मिटले नव्हते.

व्हेंतो